कानात वाजते, म्हणजे ऐकू कमी येते?

टिनिटस (कर्णनाद) : बाहेर आवाज नसताना कानात शिट्टी, घूं-घूं किंवा रातकिड्यांची किरकिर ऐकू येणे. हे लक्षण आहे, स्वतंत्र आजार नव्हे.

बहिरेपणाशी नाते : टिनिटस असलेल्या बहुतेकांना कमी-अधिक श्रवणदोष असतो. उलटे खरे नाही; ऐकू कमी येणाऱ्या अनेकांच्या कानात काहीच वाजत नाही. टिनिटसमुळे बहिरेपण येत नाही.

कसे घडते : अंतःकर्णातील, आवाज टिपणाऱ्या केसपेशी वय, गोंगाट किंवा काही औषधांमुळे (जेंटामायसिन, सिस्प्लॅटिन) मरतात. माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत. कानाकडून येणारे संदेश घटले की मेंदू आपली संवेदनक्षमता वाढवतो आणि त्यातून हा नाद उमटतो, असे सध्या मानले जाते.

ऑडिओग्रॅम (श्रवणचाचणीचा आलेख) : नेहमीची तपासणी २५० ते ८००० हर्ट्झची. गोंगाटाने झालेली हानी आलेखात बहुधा ४००० हर्ट्झजवळ खाचेसारखी दिसते. आलेख नॉर्मल येऊनही टिनिटस असू शकतो.

सोपे कारण : कानातला मळ. काढला की नाद आणि कमी ऐकू येणे, या दोन्ही तक्रारी जाऊ शकतात.

श्रवणयंत्र : श्रवणदोष असल्यास नादाचा त्रासही अनेकदा कमी होतो.

थांबू नये : एका कानाचे ऐकणे अचानक गेल्यास त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा. नाडीच्या ठोक्याबरोबर किंवा एकाच कानात वाजत असेल, तरीही तपासणी हवी.

जुनी नोंद : बेथोव्हेनने १८०१ मधील पत्रात बहिरेपणासोबत कानातल्या अखंड आवाजाचीही तक्रार केली होती.