वंध्यत्वावरील वनौषधी : उपयुक्तता, सुरक्षितता आणि काळाचा प्रश्न (शेलार, ता. भिवंडी परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे शहर म्हणून ओळखले जाते. शेलार हे या शहराला लागून असलेले गाव होय. या परिसरात आगरी, कुणबी, आदिवासी, कोकणी मुस्लिम असे स्थानिक समाज राहतात. तसेच यंत्रमाग व गोदामांच्या कामासाठी परप्रांतांतून आलेली कुटुंबेही मोठ्या संख्येने आहेत. भाषा व चालीरीती भिन्न असल्या तरी एका बाबतीत या सर्व समाजांत साम्य आढळते. विवाहानंतर वर्ष-दोन वर्षांत पाळणा हलला नाही, तर विचारणा सुरू होते आणि ती बहुधा सुनेकडेच होते. त्यानंतरचा पहिला उपाय अनेकदा झाडपाल्याचा असतो. वैदूने दिलेली पुडी, शेजारणीने सांगितलेला काढा, औषधाच्या दुकानातून आणलेले आसव-अरिष्ट किंवा मोबाईलवरील जाहिरात पाहून मागविलेला ‘कोर्स’ अशी त्याची रूपे असतात.

हे उपाय सरसकट टाकाऊ ठरविणे जसे अशास्त्रीय आहे, तसेच ‘नैसर्गिक आहे, म्हणजे अपाय नाही’ असे मानणेही अशास्त्रीय आहे. प्रस्तुत लेखात या उपायांची उपयुक्तता कितपत सिद्ध झाली आहे, त्यांत धोका कोठे आहे आणि सामान्य कुटुंबाने कोणता क्रम पाळावा, या तीन प्रश्नांचे विवेचन केले आहे.

वंध्यत्व : संकल्पना व कारणे

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार कोणतेही गर्भनिरोधक साधन न वापरता नियमित शरीरसंबंध ठेवूनही बारा महिन्यांत गर्भधारणा न होणे म्हणजे वंध्यत्व होय. या संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील सुमारे १७.५ टक्के प्रौढ व्यक्तींना आयुष्यात केव्हा ना केव्हा या अडचणीस सामोरे जावे लागते. म्हणजेच हे प्रमाण साधारणतः सहा जणांमागे एक इतके आहे.

वंध्यत्व हा एक रोग नसून अनेक कारणांचा समान परिणाम आहे. स्त्रीबीज वेळेवर परिपक्व न होणे, गर्भनलिका बंद असणे, गर्भाशयाच्या अस्तराचे विकार, थायरॉईडचे दोष, शुक्राणूंची अल्प संख्या किंवा मंद गती ही त्यांतील प्रमुख कारणे होत. सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारण एकटे किंवा स्त्रीकडील कारणासह आढळते. भारतात आणखी एका कारणाकडे विशेष लक्ष द्यावे लागते, ते म्हणजे जननमार्गाचा क्षयरोग. हा रोग गर्भनलिका व गर्भाशयाचे अस्तर यांची हानी करतो. मात्र खोकला किंवा ताप अशी ठळक लक्षणे नसल्याने तो वर्षानुवर्षे दडून राहू शकतो.

कारणांचा वेगवेगळा विचार करण्याची दृष्टी आयुर्वेदालाही परकी नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भधारणेसाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज हे चार घटक आवश्यक मानले आहेत. योग्य काळ, सकस जमीन, पाणी आणि उत्तम बियाणे यांशिवाय पीक येत नाही, हा शेतकऱ्याचा अनुभवच येथे मांडला आहे. शुक्रदोषांचे स्वतंत्र विवेचनही आयुर्वेदीय ग्रंथांत आढळते. म्हणून पतीची तपासणी न करता केवळ पत्नीला औषध देत राहणे हे आधुनिक वैद्यकाशी जसे विसंगत आहे, तसेच आयुर्वेदाशीही विसंगत आहे.

उपयुक्ततेविषयी उपलब्ध पुरावा

या संदर्भात अश्वगंधा, शतावरी, खाजकुइलीचे बी, गोखरू, शिवलिंगी, पुत्रंजीव, अशोक व लोध्र या वनस्पती आणि फलघृतासारखे कल्प प्रामुख्याने वापरले जातात. यांपैकी अश्वगंधेचा अभ्यास तुलनेने अधिक झाला आहे. महाराष्ट्रातील वैद्यकांच्या एका गटाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत शुक्राणूंची संख्या कमी असलेल्या ४६ पुरुषांचा समावेश होता. त्यांपैकी २१ जणांना ९० दिवस प्रतिदिन ६७५ मिलिग्रॅम अश्वगंधेचा अर्क देण्यात आला व इतरांना औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. अर्क घेणाऱ्यांत शुक्राणूंची संख्या सरासरी १६७ टक्क्यांनी वाढल्याचे दिसून आले.

हा निष्कर्ष आशादायक असला तरी त्याच्या मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे. चाचणी लहान होती आणि तीत मोजली गेली ती शुक्राणूंची संख्या. जोडप्याला हवे असते ते सुदृढ मूल. संख्या वाढणे आणि मूल होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. वनौषधींवरील बहुतेक अभ्यास पहिल्या टप्प्यावरच थांबतात. शिवलिंगीसारख्या वनस्पतींबाबतचा पुरावा तर मुख्यतः उंदीर-घुशींवरील प्रयोगांपुरता मर्यादित आहे. शतावरी स्त्रियांसाठी परंपरेने बल्य मानली जाते. परंतु तिच्यामुळे वंध्यत्व दूर होते असे सांगण्याइतका मोठा अभ्यास उपलब्ध नाही. बीजकोषांच्या पीसीओएस या विकारावरील चिनी वनौषधींच्या चाचण्यांचे एकत्रित परीक्षण कॉक्रेन या संस्थेने केले असता, ठोस निष्कर्ष काढण्यास पुरावा अपुरा असल्याचेच आढळले.

‘गुण आला’ या अनुभवाचा अर्थ

पुरावा इतका तोकडा असताना ‘अमुक वैदूच्या औषधाने कूस उजवली’ असे अनुभव गावोगाव का ऐकू येतात, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर साध्या गणितात आहे. स्त्रीचे वय चाळिशीच्या आत असेल, तर १०० जोडप्यांपैकी सुमारे ८० ते ८५ जोडप्यांत पहिल्या वर्षातच गर्भधारणा होते. उरलेल्यांपैकी जवळपास निम्म्या जोडप्यांत ती कोणत्याही उपचाराविना दुसऱ्या वर्षी होते. म्हणजे पहिले वर्ष निष्फळ गेलेल्या जोडप्यांना एखाद्याने नुसते साखरपाणी दिले, तरी वर्षभरात निम्म्या घरांत पेढे वाटले जातील. येथे कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते. ज्यांना गुण आला नाही ती जोडपी परत येत नाहीत व त्याविषयी कोणाशी बोलतही नाहीत. त्यामुळे यशाची कीर्ती पसरते आणि अपयश घराच्या चार भिंतींत राहते.

सुरक्षिततेचा विचार

वनौषधींचा पहिला धोका वनस्पतीच्या स्वतःच्या गुणधर्मांतून उद्भवतो. कोकणात पावसाळ्यात फुलणारी कळलावी दिसायला सुंदर असली तरी तिच्या कंदात कोल्चिसिन हे तीव्र विष असते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमांच्या ‘ई-१’ परिशिष्टात कळलावी, गुंज, बिब्बा, धोतरा, बचनाग इत्यादी विषारी द्रव्यांची यादी दिली असून, ही द्रव्ये असलेले औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे अशी सूचना वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. वैदूच्या पुडीवर वेष्टनच नसते. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याची उदाहरणे भारतासह अन्य देशांतून नोंदविली गेली आहेत. ती थायरॉईडच्या संप्रेरकांवर परिणाम करू शकते व गर्भारपणात ती टाळावी असे सांगितले जाते. मूल हवे असलेल्या स्त्रीला गर्भ राहिल्याचे पहिले काही आठवडे कळतही नाही. त्या काळात औषध सुरूच राहते, हे येथे विशेष महत्त्वाचे आहे.

दुसरा धोका भेसळीचा व जड धातूंचा होय. अमेरिकेतील बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. न्यूयॉर्क शहरात २०११-१२ मध्ये आयुर्वेदिक औषधे घेणाऱ्या सहा गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिशाचे प्रमाण धोकादायक पातळीवर आढळले. त्यांपैकी पाच जणी भारतात जन्मलेल्या होत्या. शिसे वारेतून गर्भापर्यंत पोहोचते व बाळाच्या मेंदूच्या वाढीस बाधा आणते. ज्या बाळासाठी औषध घेतले, त्याच बाळाला त्यापासून अपाय व्हावा, ही यातील शोकांतिका होय.

तिसरा धोका ‘मुलगाच होईल’ या आश्वासनाचा आहे. हरियाणात झालेल्या अभ्यासांत गर्भारपणात मुलासाठी देशी औषधे घेतलेल्या मातांच्या बाळांत जन्मजात व्यंगांचे प्रमाण अधिक आढळले. गर्भाचे लिंग गर्भधारणेच्या क्षणीच निश्चित होते. त्यानंतर कोणतीही मुळी ते बदलू शकत नाही.

चौथा धोका सर्वांत मोठा असून तो औषधात नव्हे, तर कालहरणात आहे. समजा, एका स्त्रीचे वय ३१ वर्षे आहे व तिच्या गर्भनलिका बंद आहेत. एका वैदूचे सहा महिने, दुसऱ्याचे वर्षभर, मग जाहिरातीतील औषधाचे सहा महिने, आणि प्रत्येक वेळी मधे नवसाची व पैशांच्या जमवाजमवीची वाट, असे करता करता ती ३५ वर्षांची होते. स्त्रीबीजांची संख्या व गुणवत्ता पस्तिशीनंतर झपाट्याने घटते. क्षयरोग असेल तर तो या काळात आतून हानी करीतच राहतो. प्रत्येक पुडी निर्धोक असली, तरी त्या स्त्रीची चार वर्षे परत मिळत नाहीत.

कायद्याची भूमिका

औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या परिशिष्टात स्त्रियांमधील वंध्यत्वाचा स्पष्ट समावेश असून, त्यावर रामबाण उपाय असल्याची जाहिरात करणे हा गुन्हा आहे. लिंगनिवडीची जाहिरात गर्भलिंगनिदानविषयक १९९४ च्या कायद्याने निषिद्ध आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही अलौकिक शक्तीने मातृत्व देण्याच्या नावाखाली होणारे लैंगिक शोषण दंडनीय ठरविले आहे. तथापि, भीडेपोटी व बदनामीच्या भयाने तक्रार करण्यास कुटुंबे पुढे येत नाहीत, हे वास्तव आहे.

व्यवहार्य क्रम

शेलारसारख्या गावातील जोडप्याने पुढील क्रम पाळणे हितावह ठरेल.

१) एक वर्ष वाट पाहून, स्त्रीचे वय ३५ पेक्षा अधिक असल्यास सहा महिन्यांनंतर, पती-पत्नी दोघांनीही तपासणी करून घ्यावी. पाळी अनियमित असल्यास वाट पाहू नये.

२) पतीची वीर्यतपासणी प्रथम करावी. ती तुलनेने स्वस्त व वेदनारहित असून, तीमुळे पत्नीच्या अनेक अनावश्यक तपासण्या टळू शकतात.

३) क्षयरोगाची शंका असल्यास भिवंडीतील इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयासारख्या शासकीय रुग्णालयाचा सल्ला घ्यावा. राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत क्षयरोगाचे निदान व औषधे मोफत आहेत.

४) आयुर्वेदीय उपचार घ्यावयाचे असल्यास नोंदणीकृत वैद्याकडूनच घ्यावेत. निदानाचे कागद त्यांना दाखवावेत, औषधाचे नाव लिहून घ्यावे व उपचाराची मुदत आधीच ठरवावी.

५) पाळी चुकताच सर्व वनौषधी थांबवून गर्भचाचणी करावी व डॉक्टरांना घेतलेल्या औषधांची माहिती द्यावी.

६) तंबाखू, गुटखा व मद्य वर्ज्य करावे आणि वजन आटोक्यात ठेवावे. या उपायांना खर्च नाही आणि त्यांची उपयुक्तता अनेक पुड्यांपेक्षा अधिक भक्कम आहे.

समारोप :

वनौषधींचे ज्ञान ही या भूमीची मौलिक ठेव आहे आणि तिचा शास्त्रशुद्ध अभ्यास होणे गरजेचे आहे. परंतु निदानाविना दिलेले औषध, मग ते झाडपाल्याचे असो वा कारखान्यातील, अंधारात मारलेल्या दगडासारखे असते. बंद गर्भनलिका अश्वगंधेने उघडत नाही आणि पतीतील दोष पत्नीच्या काढ्याने बरा होत नाही. म्हणून औषध कोणते घ्यावे, या प्रश्नाआधी कारण कोणते आहे, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. आणि तो एकट्या सुनेला नव्हे, तर दोघांनाही विचारला गेला पाहिजे. एवढा बदल घडला, तरी अनेक स्त्रियांची मोलाची वर्षे व त्यांच्या माथी येणारा अकारण दोष हे दोन्ही टळू शकतील.