ढेपेतलं विष आणि लँडस्टायनरचे ससे

रक्तातली साखर घरबसल्या मोजता येते, मग दुधातलं अफ्लाटॉक्सिन संकलन केंद्रावरच का मोजू नये? नांदगाव पेठच्या एका दूध उत्पादकाचा हा प्रश्न रास्त आहे. वऱ्हाडात गायी-म्हशींना सरकीची ढेप घालतात. ढेप दमट राहिली की बुरशी चढते, आणि बुरशीचं विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन, जनावराच्या यकृतात रूप बदलून 'एम-१' म्हणून दुधात उतरतं. उकळूनही ते जात नाही. २०१८च्या देशव्यापी दूध पाहणीत ५.७ टक्के नमुन्यांत ते मर्यादेबाहेर सापडलं.

मर्यादा आहे किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे दोनशे कोटी भागांत एक! एवढ्याशा रेणूला दुधाच्या गर्दीतून नेमकं हुडकायला प्रतिपिंड कामी येतं. पण अफ्लाटॉक्सिन इतकं लहान, की नुसतं टोचलं तर शरीर त्याची दखल घेत नाही, प्रतिपिंड बनतच नाही. ही अडचण कार्ल लँडस्टायनरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सोडवली होती. छोटे रेणू प्रथिनांना जोडून त्याने सशांना टोचले, तेव्हा प्रतिपिंडं त्या चिमुकल्या रेणूलाही ओळखू लागली. रेणूतला एक आम्लगट जागचा हलला तरी त्यांना फरक कळे! रक्तगटांसाठी आपण त्याला ओळखतो. हे काम मात्र फारसं कुणी आठवत नाही, याची मला खंत वाटते.

दूध तपासायच्या यंत्रात, इलेक्ट्रोडवर अफ्लाटॉक्सिन ओळखणारी अशी प्रतिपिंडं एसटीतल्या सीटांसारखी मांडलेली असतात. एन्झाइम जोडलेलं ठरावीक अफ्लाटॉक्सिन दुधात मिसळतात. दुधातल्या विषाने आधीच जागा धरल्या, तर एन्झाइमवाल्यांना कमी मिळतात. मग एन्झाइमचं खाद्य टाकून वीजप्रवाह मोजायचा: प्रवाह जितका कमी, तितकं विष जास्त.

प्रयोगशाळेतल्या स्वच्छ द्रावणात हे सुरेख जमतं, आणि 'मिनिटांत निदान' अशा बातम्या तिथूनच निघतात. खऱ्या दुधात स्निग्धांश आणि केसीन इलेक्ट्रोडला चिकटतात, प्रवाह त्यानेही घटतो, आणि चांगलं दूध विषारी ठरू शकतं. साखर रक्तात मुबलक असते, म्हणून ग्लुकोमीटरचं निभावतं. इथे तेवढी सवलत नाही. शिवाय प्रतिपिंडं थंडाव्यात टिकतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. म्हणून असं यंत्र विकायला आलं, तर ते म्हशीच्या सायीच्या दुधावर, भर उन्हाळ्यात तपासलंय का आणि प्रयोगशाळेतल्या आकड्यांशी ताडून पाहिलंय का, हे विक्रेत्याला आधी विचारा.