क्रेडिट म्हणजे जमा की उधार?

आज आपण एका इंग्रजी शब्दाची ओळख करून घेऊ. शब्द आहे 'क्रेडिट'. मोबाईलवर मेसेज येतो, 'अमुक रुपये क्रेडिट झाले', तेव्हा पैसे आलेले असतात. बँकेचे साहेब म्हणतात, 'गटाला क्रेडिट मिळेल', तेव्हा ते कर्जाबद्दल बोलत असतात. एकच शब्द, पण एकदा जमा आणि एकदा उधार! असं कसं?

या शब्दाचं मूळ लॅटिन भाषेत आहे आणि त्याचा अर्थ 'विश्वास ठेवणे'. आपण विश्वासाने बँकेत पैसे ठेवतो, ते आपल्या खात्यात क्रेडिट, म्हणजे जमा. बँक विश्वासाने आपल्याला पैसे देते, तेही क्रेडिट, म्हणजे कर्ज. मराठीत याला छान शब्द आहे, पत. पतपेढी, पतसंस्था हे शब्द त्यातूनच आले.

आता एकेक अर्थ पाहू.

पासबुकात 'सीआर' म्हणजे जमा आणि 'डीआर' म्हणजे नावे, खात्यातून गेलेले.

गटाचं 'कॅश क्रेडिट' खातं म्हणजे सीसी. समजा, मर्यादा १,००,००० रुपयांची आहे आणि गटाने ४०,००० उचलले. व्याज फक्त ४०,००० वर लागतं. वर्षाला १२ टक्के दर धरला तर महिन्याला साधारण ४०० रुपये. उरलेले ६०,००० ही आपली शिल्लक नव्हे, ती उचलता येणारी उधारी आहे. या खात्यात बाकीपुढे 'डीआर' दिसलं तर तेवढं देणं आहे असं समजायचं.

किसान क्रेडिट कार्ड म्हणजे मुख्यतः पीककर्ज. ते १९९८ पासून सुरू आहे. वेळेवर फेडलं तर व्याजात सवलत मिळते.

'क्रेडिट स्कोअर' म्हणजे आपल्या पतीचे गुण, ३०० ते ९००. हप्ते थकले की गुण उतरतात. आपण जामीन राहिलो आणि कर्जदाराने पैसे बुडवले, तरी आपल्या पतीला धक्का लागतो. म्हणून भिडेखातर सही करू नका. आपला पत-अहवाल वर्षातून एकदा प्रत्येक पतमापन कंपनीकडून मोफत मिळतो.

मुलगी कॉलेजात गेली की तिथेही क्रेडिट भेटेल. तिथे प्रत्येक विषयाला ठरावीक क्रेडिट असतात, ते साठले की पदवी. आणि काम बायकांनी केलं, क्रेडिट दुसऱ्याने घेतलं, असं म्हणतो तेव्हा ते असतं श्रेय!

याच शब्दाने फसवणूकही होते. फोन येतो, 'ताई, तुमच्या खात्यात चुकून पाच हजार क्रेडिट झालेत, परत पाठवा.' सोबत खोटा मेसेजही असतो. अशा वेळी मेसेजवर विसंबू नका, खात्यातली शिल्लक तपासा. पैसे खरंच आले असतील तर बँकेला कळवा, परत करायचं ते बँकेमार्फतच. आणि पक्कं लक्षात ठेवा, यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर फोन करा.

तेव्हा पुढच्या वेळी 'क्रेडिट' कानावर पडलं की आधी विचारा, आमचे आले की आम्हाला द्यायचे? गटाच्या येत्या बैठकीत पासबुक उघडून प्रत्येकीने एक तरी 'सीआर' आणि एक 'डीआर' शोधून दाखवा. पुन्हा भेटूच. नमस्कार!