भातखाचरातील कोळी
मुळशीच्या भातखाचरात जाळे न विणता पाण्यावरून धावणारे करडे कोळी दिसतात. पुष्कळ शेतकरी त्यांस कीड समजतात. वास्तविक ते तुडतुड्यांचे भक्षक होत. तुडतुडे वाढले म्हणजे भक्ष्य मुबलक मिळून कोळीही वाढतात व तुडतुड्यांस आळा बसतो. सरसकट विषारी औषध फवारल्यास मात्र कोळी मरतात. तपकिरी तुडतुड्याची अंडी पानाच्या आवरणात (पर्णकोषात) शाबूत राहतात. त्यांतून निघालेल्या पिलांस मग शत्रूच उरत नाही आणि कीड पूर्वीहून बळावते. इंडोनेशियात असेच घडले, तेव्हा १९८६ साली तेथील सरकारने भातावर ५७ कीटकनाशके वापरण्यास बंदी केली. यास्तव फवारणीपूर्वी चुडांच्या बुंध्याशी वाकून तुडतुड्यांबरोबर कोळीही मोजावेत. कोळी भरपूर असल्यास फवारणी लांबवून चार-पाच दिवसांनी पुन्हा मोजणी करावी.