समुपदेशक नेमा म्हणे. पण घडवणार कुठे?

शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असतील तर शाळा असो वा कोचिंग क्लास, किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवाच, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावले. पाठोपाठ ऑगस्टमध्ये यूजीसीने मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश थांबवले. मुलांसोबतचे काम घरबसल्या शिकता येत नाही, हे कबूल. पण नोकरी सांभाळून इग्नूतून एम.ए. करू पाहणाऱ्या शिक्षिकांनी आता जायचे कुठे?

पर्याय आहेत, पण प्रत्येकाला कुठे ना कुठे ठिगळ लावावे लागते. मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग किंवा टाटा सामाजिक विज्ञान संस्था (‘टिस’) इथल्या एम.ए.चा कल चिकित्सा आणि समुपदेशनाकडे. एम.एड.मध्ये वर्ग कळतो, एकेकटे मूल निसटते. सेवेतल्या शिक्षकांना मला सुचवावासा वाटतो तो एनसीईआरटीचा वर्षभराचा मार्गदर्शन-समुपदेशन डिप्लोमा: सहा महिने दूरस्थ, तीन महिने प्रत्यक्ष वर्ग, तीन महिने प्रात्यक्षिक. आपल्याला जवळचे केंद्र भोपाळ.

परदेशी जाणाऱ्यांनी एक खाचखळगा ओळखावा. अमेरिकेत ‘एज्युकेशनल सायकॉलॉजी’ची पदवी बहुतेकदा संशोधनाची, शाळेत काम करायचे तर ‘स्कूल सायकॉलॉजी’ घ्यायची. तिथे सहसा तीन वर्षे आणि १२०० तासांची इंटर्नशिप. इंग्लंडमध्ये तर तीन वर्षांची डॉक्टरेटच लागते.

इतके प्रशिक्षण कशाला? चौथीतली मुलगी गोष्ट रंगवून सांगते, पण वहीत ‘पाऊस’चे ‘पउस’ करते, ४२ चे २४ लिहिते. बाईंच्या लेखी ती आळशी. नजर आणि कान तपासून घ्यायचे, घरची भाषा विचारायची, बुद्धिमापन करायचे आणि मगच अध्ययन अक्षमतेचे नाव घ्यायचे, यासाठी तयार माणूस लागतो. चाचणीही तिच्या भाषेतली लागते. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी स्वातंत्र्यापूर्वीच बेतली. ती आजही वापरात आहे; यात कौतुक आहे तितकीच खंतही. पुण्यात मानसशास्त्राचेच डॉक्टर असलेल्या आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञानप्रबोधिनी ही शिक्षणसंस्था उभी केली. तिथे उषा खिरे यांनी मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या बुद्धीविषयक सिद्धान्तावर चाचण्या रचल्या आणि बुद्धी एका आकड्यात मावत नाही हे मराठी मुलांबाबत दाखवले. हा वारसा पुढे नेणारा शालेय मानसशास्त्राचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम आपल्या विद्यापीठांनी कधीच सुरू करायला हवा होता.

तोवर प्रवेश घेताना पदवीच्या नावाला भुलू नका. प्रात्यक्षिक किती तासांचे, देखरेख कोणाची, मुले कोणत्या भाषेत बोलणारी, हे आधी विचारा. शाळांनीही आदेशाची पूर्तता म्हणून पी.टी.च्या सरांच्या दारावर ‘समुपदेशक’ अशी पाटी लावू नये. तसे होण्याची शक्यता मला मात्र दाट दिसते.