शिडाच्या होडीचे सुकाणू : झिजलेल्या खुंट्या व कड्या कशा बदलाव्यात

कोकणातील खाडीकाठच्या शेतकऱ्याला होडी ही बैलगाडीइतकीच गरजेची वस्तू होती. पलीकडच्या खारजमिनीतील भाताचे भारे, पेंढा, शेणखत आणि घरची माणसे हिच्यातूनच ये-जा करीत. आता पुष्कळ ठिकाणी पूल झाले, होड्यांना यंत्रेही बसली. तरी लहान शिडाची होडी काही घरांनी अद्याप राखली आहे. पावसाळ्यात ती किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात व नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा पाण्यात लोटतात. मधल्या काळात तळाला राळ-तेल लागते, शिडाला ठिगळ पडते; सुकाणूकडे मात्र क्वचितच कोणी पाहतो. ते दिसावयास धड असते, एवढेच त्याचे कारण.

सुकाणू होडीच्या पिछाडीला बिजागरीप्रमाणे टांगलेले असते. त्याच्यावरील धातूच्या खुंट्या पिछाडीवरील कड्यांत उतरतात. वाळू व खारे पाणी यांमुळे खुंटी बारीक होते आणि कडीचे भोक लांबट होते. भोक दोन मिलिमीटर सैल झाले, तर पात्याचे खालचे टोक त्याच्या कितीतरी पट हलते. मग प्रत्येक लाटेसरशी सुकाणू कड्यांवर आपटू लागते व झीज झपाट्याने वाढते. खाडीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी व समुद्राची लाट समोरासमोर येतात, तेथे सुकाणूवर सर्वांत अधिक ताण पडतो. नेमक्या त्या वेळी खुंटी तुटली, तर होडी लाटेला आडवी होते. भरलेली होडी उलटण्यास तेवढे पुरे.

तपासणी सोपी आहे. होडी किनाऱ्यावर असताना एकाने सुकाणूचा दांडा घट्ट धरावा व दुसऱ्याने पात्याचे खालचे टोक हलवावे. खडखड आवाज आला, तर सुकाणू उतरवून पाहावे. नुसती खुंटी नवी करून आणण्याचा रिवाज आहे, तो सोडून द्यावा. जुन्या लांबट भोकात नवी खुंटी फार दिवस टिकत नाही. कडी मजबूत असून केवळ भोक वाढले असेल, तर ते गोल करून त्यात नायलॉनची नळी बसविता येते. नायलॉन पाण्याने किंचित फुगते, म्हणून नळीत खुंटी थोडी सैलच ठेवावी.

धातूच्या निवडीत पुष्कळांची चूक होते. पितळेची कडी लोखंडी बोल्टाने बसविली, की खाऱ्या पाण्यात लोखंड लवकर खाल्ले जाते. वरून कडी चकचकीत आणि आतून बोल्ट सुतळीएवढा, अशी स्थिती होते. पितळही निर्दोष नव्हे. त्यातील जस्त निघून गेले, की ते गुलाबी दिसू लागते व ठिसूळ होते. म्हणून खुंटी, कडी व बोल्ट एकाच धातूचे घ्यावेत, गनमेटल चांगले. ते परवडत नसल्यास सर्वच भाग जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे घ्यावेत व दरवर्षी पाहावेत.

कडी काढल्यावर मागचे लाकूड टोकदार चाकूने टोचून पाहणे हे या कामातील सर्वांत महत्त्वाचे होय. गंजलेल्या लोखंडाभोवतीचे लाकूड काळे व भुसभुशीत होते. तसे आढळल्यास कुजका भाग काढून त्याच जातीच्या वाळलेल्या लाकडाचा तुकडा सुताराकडून बसवून घ्यावा. कुजक्या लाकडात नवी कडी बसविणे म्हणजे पैसा पाण्यात टाकणेच होय. गावपातळीवरील कार्यकर्त्याने लोहार व सुतार यांना एकाच दिवशी बोलाविण्याची व्यवस्था केल्यास होडीमालकाचा खेपा घालण्याचा त्रास वाचेल.

नव्या कड्या एका रेषेत नसतील, तर सुकाणू जड फिरते आणि खुंट्या एकाच बाजूने झिजतात. यासाठी सर्व कड्यांतून एक सरळ सळई ओवावी, कड्या जागेवर धराव्यात आणि मगच बोल्टांच्या खुणा कराव्यात. खिळे वापरू नयेत. बोल्ट आरपार घालून आतून रुंद चकती द्यावी व भोकात राळ-तेल भरावे. खालची खुंटी वरचीपेक्षा बोटभर लांब ठेवल्यास ती आधी कडीत शिरते आणि पाण्यात उभे राहून सुकाणू चढविणे सोपे जाते.

लाकडी सुकाणू पाण्यावर तरंगते, त्यामुळे लाटेने ते वर उचलले जाऊन कड्यांतून निसटू शकते. ते वर सरकू नये म्हणून वरच्या खुंटीच्या टोकाला भोक पाडून त्यात खीळ घालावी. शिवाय पात्यापासून होडीपर्यंत एक दोरी सैल बांधून ठेवावी. एक लांब वल्हे मात्र नेहमी होडीत असावे.