पीकपेऱ्याची नोंद आणि मोबाइलची कसोटी

मोबाइलवर बोलता येणे आणि मोबाइलवरून सरकारी नोंद करता येणे ही दोन निराळी कौशल्ये आहेत, आणि बुलढाणा जिल्ह्यातील शेतकऱ्यांना त्यांतील दुसरे कौशल्य फारशी पूर्वतयारी नसताना आत्मसात करावे लागले आहे. 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 25 लाख 86 हजार लोकसंख्येच्या या जिल्ह्यात दर पाच माणसांपैकी जवळपास चार खेड्यांत राहतात, सोयाबीन आणि कापूस ही तेथील मुख्य पिके आहेत, आणि पीकविमा, नुकसानभरपाई किंवा हमीभावाची खरेदी यांपैकी कशाचाही लाभ घ्यायचा तर शेतात कोणते पीक उभे आहे याची अधिकृत नोंद लागते.

ही नोंद सातबारा उताऱ्यावर होते. गाव नमुना सात जमिनीवरील हक्क दाखवतो, तर गाव नमुना बारा त्या जमिनीतील पिके, आणि या दोहोंच्या एकत्र उताऱ्यालाच सातबारा म्हणतात. पूर्वी हा पीकपेरा तलाठी, ज्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे आहे, नोंदवीत असत. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली आणि हे काम खातेदाराकडे आले. त्याने मोबाइलमध्ये ॲप, म्हणजे एका विशिष्ट कामासाठी तयार केलेली आज्ञावली, उतरवून घ्यायची, खाते व गट क्रमांक निवडायचा, पीक, क्षेत्र आणि सिंचनाचे साधन भरायचे आणि प्रत्यक्ष शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र काढायचे, ज्यासोबत त्या जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. एका तलाठ्याकडे अनेक गावांचा भार असताना चावडीत बसून केलेल्या नोंदींपेक्षा ही पद्धत अधिक विश्वसनीय ठरू शकते, आणि आपल्या पिकाची नोंद आपणच करण्याचा अधिकार शेतकऱ्याला मिळाला, हेही मोलाचे आहे.

तथापि अधिकाराबरोबर आलेले काम सर्वांना सारखे पेलणारे नाही. साधा बटणांचा फोन वापरणाऱ्याला दुसऱ्याच्या स्मार्टफोनवर विसंबावे लागते, सातपुड्याच्या कुशीतील जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतील डोंगराळ गावांत रेंज मिळणे अवघड असते, आणि ओटीपी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी एकदाच वापरायचा सांकेतिक क्रमांक, जुन्या व बंद पडलेल्या नंबरवर गेला तर पुढची पायरीच उघडत नाही. इतर योजनांत अंगठ्याच्या ठशावरून ओळख पटवायची असते, तेव्हा आयुष्यभर निंदणी-वेचणी करून बोटांच्या रेषा झिजलेल्या वृद्धांचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. स्त्रियांची अडचण याहून खोल आहे: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) महाराष्ट्रात स्वतः वापरण्याचा मोबाइल असलेल्या स्त्रिया 54.8 टक्के आणि इंटरनेट कधीतरी वापरलेल्या 38 टक्केच होत्या, त्यामुळे सातबारा बाईच्या नावे असला तरी नोंद अनेकदा घरातल्या दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून राहते.

नोंद राहून गेली तर होणारे नुकसान पैशांचे असते. 2023 च्या खरिपातील कापूस व सोयाबीन उत्पादकांना 2024 मध्ये राज्य सरकारने अर्थसाहाय्य जाहीर केले, तेव्हा ई-पीक पाहणीतील नोंद ही पात्रतेची अट होती, आणि पीक घेऊनही अनेक शेतकरी वगळले जाऊ लागल्याने ती पुढे शिथिल करावी लागली. 2025 च्या खरिपापूर्वी राज्यात पंतप्रधान पीकविमा योजनेत स्थानिक आपत्तीने झालेल्या नुकसानीची सूचना 72 तासांत द्यावी लागत असे, परंतु जुलै 2023 मध्ये जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत आला तसा पूर येतो, तेव्हा विजेअभावी फोन चार्ज करणेही कठीण होऊन बसते. 2025 च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाला कापूस विकण्यासाठी ‘कपास किसान’ ॲपवरील नोंदणी बंधनकारक झाली, म्हणजे पेरणीपासून विक्रीपर्यंतची वाट आता मोबाइलमधून जाते.

या अडचणींचे खापर वय किंवा अल्पशिक्षणावर फोडणे अन्यायाचे आहे. ऑगस्ट 2021 मध्येच महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. वर्षानुवर्षे नोंदवह्या चोख ठेवणाऱ्या या स्त्रियांची तक्रार होती की फोनची क्षमता अपुरी आहे आणि बालकांच्या पोषणाची माहिती भरण्याचे ‘पोषण ट्रॅकर’ ॲप इंग्रजीत आहे. काम करणारी व्यक्ती कुशल असली तरी साधन तिच्या भाषेत आणि परिस्थितीत बसत नसेल तर काम अडते, हे त्यातून स्पष्ट झाले.

साधन बदलता येते, हेही अनुभवाने दिसले आहे. ई-पीक पाहणीच्या सुधारित आवृत्तीत चुकलेली नोंद 48 तासांत एकदा दुरुस्त करण्याची मुभा मिळाली, एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करण्याची सोय आहे, आणि शेतकऱ्यांना थेट अर्थसाहाय्य देणाऱ्या केंद्राच्या पीएम-किसान योजनेत अंगठ्याऐवजी चेहऱ्यावरून ओळख पटवण्याचा पर्याय 2023 मध्ये आला. याच दिशेने पुढे जायचे तर प्रत्येक हंगामाच्या आरंभी गावात, शक्यतो बांधावरच, प्रात्यक्षिक व्हावे, त्यात खातेदार स्त्रियांना स्वतःच्या हाताने नोंद करू द्यावी, आणि ज्यांना ते जमणार नाही त्यांच्यासाठी कागदावर अर्ज घेऊन पोच देणारा माणूस कार्यालयात असावा. नोंदीचे काम नागरिकाकडे सोपवणाऱ्या शासनाने ते शिकवण्याची जबाबदारीही आपल्याकडे ठेवली पाहिजे, कारण ज्याने पीक घेतले त्याचा हक्क पिकामुळे निर्माण होतो, आणि मोबाइल हाताळता न आल्यामुळे तो बुडता कामा नये.